सिस्टरबाईंचा काचेचा थर्मामीटर

सिस्टरबाई तीस वर्षं वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त झाल्या त्या फक्त कागदोपत्री. घरात सून हा त्यांचा कायमचा पेशंट, तोही औषध न घेणारा. सुनेनं बॅटरीवरचा थर्मामीटर आणला, तर सासूबाईंनी तो दोन दिवसांत गडप केला. तेव्हापासून दोघींचं शीतयुद्ध सुरू होतं.

एके सकाळी रांगत्या नातीचं अंग गरम लागलं, तशी सिस्टरबाईंनी आपला जुना काचेचा थर्मामीटर काढला.

"आई, काचेचा तिच्याजवळ नेऊ नका," सून म्हणाली.

"मला शिकवू नकोस," म्हणत सिस्टरबाईंनी पारा उतरवायला ऐटीत मनगट झटकलं. थर्मामीटर पलंगाच्या दांड्यावर आपटून फुटला आणि पाऱ्याचे थेंब फरशीभर पळाले.

सून झाडू घेऊन धावली.

"ठेव तो झाडू! पारा आणखी बारीक होऊन पसरेल, वाफ वाढेल. पोरीला घेऊन बाहेर जा, दार लाव!"

"फोडायचं तुम्ही, ओरडायचंही तुम्हीच?"

"भांड नंतर!"

सिस्टरबाईंनी खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले, जाड कागदानं थेंब गोळा केले, बारीक कण चिकटपट्टीनं उचलले आणि सगळं बरणीत घट्ट बंद केलं. तासाभरानं त्या घामाघूम होऊन बाहेर आल्या.

"पोरीला काही होईल?" सुनेनं दरडावून विचारलं.

"एवढ्यानं नाही. तसाच पडून राहिला असता, तर काळजी होती. आज तिला दुसऱ्या खोलीत झोपव." मग तोंड फिरवून म्हणाल्या, "तुझा तो बॅटरीवाला माझ्या साड्यांखाली आहे."

सुनेनं ताप मोजला. "अठ्ठ्याण्णव. ताप नव्हताच!"

"त्या डबड्याला काय कळतंय!" सिस्टरबाई फणकारल्या. "पुन्हा लाव."