आई काय सांगेल?

बाबा सातपूरच्या एका कंपनीत फिटर होते. पहिली पाळी संपवून आले की चहा पिता पिता मला कोडी घालायचे. त्यांचं लाडकं कोडं एकच. दोन दरवाजे, एक सुटकेचा, एक मरणाचा. दोन पहारेकरी, एक कायम खरं बोलणारा, दुसरा कायम खोटं. कोण कसा ते माहीत नाही आणि प्रश्न एकच विचारायचा. मी आठवडाभर डोकं खाजवलं, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं, "कुणाही एकाला विचारायचं, दुसरा पहारेकरी सुटकेचा दरवाजा कुठला सांगेल? आणि उत्तराच्या उलट जायचं."

वर चिडवायचे, "आपल्या घरी तेच. आई खरी, तू थापाडी." खोटं नव्हतं ते. आई शेजारणीलाही साडी शोभत नाही म्हणून तोंडावर सांगायची.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पोटात गाठ निघाली. आता हातात काही नाही, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेऊन सांगितलं. आमच्याकडे असलं काही पेशंटला सांगत नाहीत. रिपोर्ट आईच्या साड्यांखाली गेला, अल्सर आहे असं ठरलं आणि भेटायला येणाऱ्याला मी जिन्यातच पढवू लागले. निफाडचे काका द्राक्षं घेऊन आले, ते जिन्यातच रडून घेऊन, डोळे पुसून वर गेले. मला धास्ती आईची होती, तिच्या तोंडून निसटेल याची. पण ती माझ्यापेक्षा सराईत निघाली. मला तिचा रागच यायचा.

एका दुपारी आई औषधं आणायला गेली होती. बाबांनी मला जवळ बसवलं.

"मी यातून उठेन का, असं तुझ्या आईला विचारलं तर ती काय सांगेल?"

मी गाफील होते. शिवाय या उत्तरात खोटं बोलायचीही गरज नव्हती. म्हटलं, "उठाल म्हणेल."

बाबा हसले आणि पंख्याकडे बघत राहिले. मग मला कोडं आठवलं. उत्तराच्या उलट जायचं.

"बाबा, तसं नाही..."

"असू दे. मला कळलंय हे आईला सांगू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतेय बिचारी. जमतंय असं वाटू दे तिला."

आई आली. कसं वाटतंय, तिने विचारलं.

"आज बरंय," बाबा म्हणाले. "पुढच्या महिन्यात निफाडला जाऊन येऊ."

"जाऊ की," आई म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली.