लांबून बघायची रीत

इंदिरानगरात आमच्या इमारतीखाली पाळीव प्राण्यांचा नवा दवाखाना उघडला आहे. काचेचं दार, थंडगार हवा आणि सोफ्यावर आपला नंबर येण्याची वाट बघणारी गुबगुबीत कुत्री. परवा भाजी घेऊन परतताना ते दार उघडलं आणि शाम्पूच्या सुवासामागून आयोडीनचा उग्र, ओळखीचा भपकारा अंगावर आला. उभं आयुष्य मी जनावरांची डॉक्टर म्हणून काढलं. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी हा वास आला की पाय आपोआप थबकतात. पिशवी सावरत मी पायरीशी उगाच उभी राहिले. आतल्या मुलीने गोड हसून विचारलं, "काकू, तुमचं पेट कुठेय?" "माझं कुणी नाही," मी म्हटलं, आणि बोलून गेल्यावर ते वाक्य नको इतकं खरं वाटलं.

माझी पहिली नेमणूक जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी झाली. दोन कौलारू खोल्या, समोर कडुनिंब आणि त्याखाली जनावराला जखडून ठेवायचा लोखंडी खोडा, एवढाच दवाखाना. डॉक्टर आम्ही दोघंच: मी आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले सर. सर एकटे होते, दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांची एक रीत होती. जनावर आलं की लगेच हात लावायचा नाही, मालकालाही बोलू द्यायचं नाही. आधी दारात उभं राहून नुसतं बघायचं. मान कशी धरली आहे, भार कोणत्या पायावर आहे, रवंथ चालू आहे का. "जनावर दुखणं लपवतं, मॅडम," ते म्हणायचे. "पण ते बाजूला जाऊन उभं राहतं, खाणं सोडतं. तेवढंच आपल्याला दिसतं." हे मी इतकं मन लावून शिकले की पुढे पुढे रस्त्याने जाणारी गाय बघूनही तिचं काय बिनसलंय ते सांगू लागले. सरांना त्याचं कोण कौतुक!

एका बाबतीत मात्र आमचं जमेना. गाय व्याली आणि वासरामागून पडायची वार आतच अडकली की ती कधी कधी हात घालून सोडवावी लागते. सर ती उघड्या हाताने काढत, खांद्यापर्यंत साबण चोपडून. लांब हातमोजे कपाटात तसेच पडून असत. "मोज्यातून बोटांना काही कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गाई ज्या रोगाने गाभडतात तो माणसालाही जडतो, हे तेच शेतकऱ्यांना बजावून सांगायचे! एकदा मी भर लोकांत त्यांना हे ऐकवलं. ते हसले, पण चेहरा उतरला. मी तेव्हा भारी तोंडाळ होते. चुकलं हे कळत होतं, पण कबूल कोण करतो?

त्या हिवाळ्यात सर तुटक वागू लागले. आम्ही डबा एकत्र खायचो, ते थांबलं. दुपारी मी टेबलाशी बसले की ते स्वेटर घालून बाहेर उन्हात जाऊन बसत. माझ्यावरचा राग, दुसरं काय! मग मीही ताठ्यात राहिले. चार महिने आमच्यात कामापुरत्या दोन शब्दांपलीकडे बोलणं झालं नाही. त्या ओसाड दुपारी मला खायला उठायच्या, आणि मला वाटायचं, हे सोसणारी मी एकटीच.

शेवटी गाय घेऊन आलेल्या एका म्हातारीने मला गाठलं. "मॅडम, डॉक्टरांना बरं नाय का वो? लय वाळलेत. खोडा धरल्याबिगर उभं राहवत नाय त्यांना."

मी वळून सरांकडे बघितलं. मान खाली, सगळा भार एका पायावर, कट्ट्यावरचा चहा गार झालेला. गाय असती तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. त्याच दुपारी मी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

रक्त तपासलं, गाई गाभडतात तोच रोग निघाला. संध्याकाळी चढणारा ताप सर थकवा म्हणून अंगावर काढत होते. औषधांनी ताप हटला, पण कंबर गेली ती गेलीच. आधी आला असतात तर कदाचित वाचली असती, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. वाकता येत नाही त्याने गाई कशा तपासायच्या? सर मुदतीआधीच नोकरी सोडून भावाकडे देवळाली कॅम्पला गेले.

दोन वर्षांनी धीर करून मी त्यांना भेटायला गेले. पाठीशी उशी घेऊन ते ओट्यावर बसले होते. दवाखान्याचं त्यांनी काहीच विचारलं नाही. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं. निघताना मी म्हटलं, "सर, मी तेव्हा विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तरी मी बरा आहे असंच म्हणालो असतो."

"तरीसुद्धा."

त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या.

"हो," ते म्हणाले. "वाट बघत होतो मी."

सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्या हातून पुष्कळ जनावरं बरी झाली असतील, त्यांची आज आठवणही नाही. सरांचं ते बोलणं मात्र वयाबरोबर जास्त जास्त कळत जातं. दिवसचे दिवस दारावरची बेल वाजत नाही, तेव्हा तर फारच.