आधी हार, मग जाब

आमच्या आमदारांना लहानथोर सगळे भियाच म्हणतात; इकडच्या हिंदी मुलखात भैयाचं भिया होतं. निवडणुकीत भियांनी दोन वचनं दिली होती. एक, गावच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस सुरू करू. दुसरं, दरवर्षी मतदारांपुढे उभे राहून जाब देऊ, आणि काम न करणाऱ्याला परत बोलावण्याचा हक्क लोकांना मिळावा म्हणून विधानसभेत भांडू. मशीन आलं, फीत कापली, खोलीला कुलूप लागलं; चालवणारा माणूस नेमलाच नाही. जाबाची सभा तर औषधालाही सापडली नाही.

माझे थोरले भाऊ, दादा, आठवड्यातून दोनदा आमच्या कुक्षीहून बस धरून जिल्ह्याच्या गावी, धारला, डायलिसिसला जात. मी सोबत असे. परतताना ते इतके गळून जात की घास उचलायचं त्राण नसे. माझ्या मात्र अंगाची लाही लाही होई.

शेवटी मराठी समाजाच्या बैठकीत मीच सुचवलं, भिया सभा घेत नाहीत तर गणपतीत त्यांना पाहुणे म्हणून बोलवू आणि चारचौघांत विचारू. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण आमची घरं जुन्या मराठा संस्थानाच्या दरबारातली. राज्य गेलं, रीत काही जाईना. पाहुण्याला आधी शाल, श्रीफळ, हार. आणि हार घालायचा तो सगळ्यांत वडीलधाऱ्याने, म्हणजे दादांनीच! मी म्हटलं, आधी जाब, मग हार. समाजाचे अध्यक्षकाका माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी नैवेद्य उष्टावला होता.

"पाहुण्याला दारात उभं करून जाब विचारतात का गं?" ते म्हणाले.

गणपतीत भिया आले आणि दादांनी हार घातला. फोटो निघाले. मग मी उठून विचारलं, मशीन कधी सुरू होणार? भियांनी हात जोडले. "मौसीजी, आज तो बप्पा का दिन है, राजनीति फिर कभी." टाळ्या पडल्या, त्याही आमच्याच माणसांच्या. वर पंगतीत मलाच ऐकवलं, की तुला मेलीला जरा पोच नाही.

पुढच्या खेपेला धारच्या नर्सबाईंनी आनंदाने वर्तमानपत्र पुढे केलं. दादा हार घालताहेत, आणि वर ठळक अक्षरांत, डायलिसिसच्या सोयीबद्दल रुग्णाकडून भियांचा सत्कार. आता तुमच्या गावातच होईल, तेव्हा इथली तुमची पाळी दुसऱ्याला देऊ का, असं त्यांनी विचारलं. त्यांचं काय चुकलं? बाहेर माणसं खोळंबली होती. मी चिडून सांगितलं, अहो, तिथे कुलूप आहे.

त्या गोंधळल्या. "फिर हार किस बात का पहनाया, दादाजी?"

"हमारे यहाँ रिवाज है, बेटा," दादा पुटपुटले, आणि कुणी उठवेल या भीतीने त्यांनी डायलिसिसच्या पलंगाची कड घट्ट धरली.