हात आणि तीन बोटं

मला इतिहासाची आवड नव्हती. ऐंशीच्या दशकात एका बांधकाम कंपनीचा सर्व्हेअर म्हणून मी लिबियात होतो. शुक्रवारची सुट्टी, कॅम्पवर करायला काही नाही, म्हणून सगळ्यांबरोबर बसमध्ये चढलो आणि लेप्टिस मॅग्नाला पोचलो. समुद्रावरून व्यापार करणाऱ्यांनी वसवलेलं, पुढे रोमनांनी सजवलेलं आणि मग वाळूखाली गेलेलं शहर. खांब, कमानी, ऊन. तासाभरात मी कंटाळलो. आमच्या जुहूला निदान भेळ तरी मिळते.

मग बाजार लागला. दगडी कट्टे, आणि एका दगडावर कोरलेल्या तीन सरळ खुणा. ही लांबीची मापं, वाटाड्या म्हणाला. गिऱ्हाइकाला शंका आली, तर इथे आणून ताडून बघायचं.

माझं डोकंच फिरलं. उन्हाने नव्हे.

माझे वडील घाटकोपरला एका कापडाच्या दुकानात वीस वर्षं कापड मोजायचे. मीटरची लोखंडी पट्टी होती, पण तिला सगळे गजच म्हणत. गज लावून झाला की वडील पुढे तीन बोटं ठेवायचे आणि तिथे कात्री लावायचे. मालक कुरकुरायचा, बायका मात्र त्यांच्याच हातून कापड घ्यायच्या. मालक आमच्याच गावचा, मालवणकडचा. एक दिवस वजनमापवाले साहेब आले आणि गज आखूड निघाला. टोकाला घासलेला. मालकाने भर दुकानात वडिलांकडे बोट दाखवलं, "ह्यानेच घासला. उरलेलं कापड घरी नेत असणार!" तीन बोटं जास्त देणारा माणूस गज कशाला घासेल, एवढं विचारायला कोणी तोंड उघडलं नाही. वडील एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. बाजारातल्या त्या रस्त्याने ते पुन्हा कधी गेले नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. त्या मालकाचं वाटोळं कर असं मी रोज देवाला सांगायचो, आणि देव रोज त्याचं भलं करायचा.

तर त्या दगडापाशी मी एका खुणेच्या टोकाला कोपर टेकवलं आणि हात आडवा ठेवला. मधल्या बोटापुढे खूण अजून उरली होती. दुसऱ्या हाताची बोटं लावून पाहिली. बरोबर तीन. खिशातल्या टेपने खात्री केली आणि दोन स्लाइड काढल्या. परतताना बसमध्ये बाकीचे गाणी म्हणत होते. मी काय करायचं ते ठरवून टाकलं होतं.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा आमच्या घाटकोपरच्या वाचनालयात माझा स्लाइड शो ठरला. अध्यक्ष कोण, तर तोच मालक. मीच सुचवलं होतं. सेक्रेटरींना वाटलं, मी गाववाल्याचा मान ठेवतोय. वडिलांना चला म्हटलं, तर "माका नको" म्हणाले.

रविवारी संध्याकाळी पडदे ओढले. खांब, कमानी पाहून लोकांनी "झकास, झकास" केलं. मग दगड आला. मी म्हणालो, "हे माप दगडात कोरलं, कारण लोखंडाचा गज मालक घासतो आणि आळ नोकरावर घालतो." पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. "हे आपल्या हातापेक्षा तीन बोटं जास्त आहे. तीन बोटं जास्त कोण द्यायचं, ते इथल्या बायकांना ठाऊक आहे."

मागून एक म्हातारी बोलली, "अगं बाई! म्हणजे तुम्ही कापलेलं कापड अपुरं पडायचं, ते ह्यामुळे होय हो शेठ?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. "लाइट लावा, लाइट लावा," करत मालक उठला. मी लावू दिला नाही. अंधारात चाचपडत तो पडद्यासमोरून बाहेर गेला. मला इतकं बरं वाटलं की खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आजही वाटत नाही.

घरी वडील जेवत होते. सगळं सांगितलं. आता ओरडतील, झालं गेलं विसरून जा म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी घास ताटात ठेवला, डावा हात आडवा केला आणि त्याच्यापुढे उजव्या हाताची तीन बोटं लावून बघितली.

"माणसां किती होती?" त्यांनी विचारलं.

"साठेक."

"त्या दिवशी अख्खो बाजार होतो," ते म्हणाले. "परत दाखव. ह्या खेपेक मी पण येतंय."