सत्तर किलोंच्या आत

२१ जानेवारी १९९६, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. इंदापूरच्या मैदानावर सत्तर किलो गटातील कबड्डीपटूंची वजने घेण्याचे काम माझ्याकडे होते. पिंपळीचा तो थोराड चढाईपटू काट्यावर चढला आणि मी अस्वस्थ झाले.

सात महिने मी दर रविवारी बारामतीत त्याची उंची, वजन आणि वेग मोजून वहीत लिहीत होते. पुण्याच्या शिबिरासाठी मी सुचवणार असलेले ते पहिलेच नाव. कोणत्याही प्रश्नावर तो "बगू की" एवढेच म्हणे. चढाई संपली की पाडलेल्या गड्याला हात देऊन उठवी. उसाच्या ट्रालीवरून ठेवलेल्या नावाने सोबती ओरडत, "ट्राली आली रं, वाट द्या!"

गेल्या रविवारी तो त्र्याहत्तर किलो भरला होता. आज काटा ६९.८ दाखवत होता. त्याचे ओठ फुटले होते.

"पाणी कधी प्यायलास?"

"काल दुपारी. घोंगडं पांघरून पळालो, म्याडम. माज्याबिगर संघ उभा ऱ्हात न्हाय."

वजनाच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी मी रविवारची वही उघडली, तसा त्याने हात आडवा धरला.

"वहीत नगा लिहू. त्यो आकडा माजा न्हाय."

"चिठ्ठीवर एक आणि वहीत दुसरा, असे मी करणार नाही."

"आरं ट्राली, आटप की!" सोबती ओरडले. त्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

"बगू की," तो म्हणाला. मग शेजारच्या माठातून दोन तांबे पाणी घटाघटा प्यायला आणि पुन्हा काट्यावर उभा राहिला.

७१.६.