धाराशिवात व्याह्यांना जेवू घातलं त्याची हकिकत

मुलीच्या लग्नानंतर काही महिन्यांनी व्याह्यांचा फोन आला. तुळजापूरला दर्शनाला निघालोय, तुम्ही तिकडचेच, तर धाराशिवात जेवायला चांगलं ठिकाण कुठलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. शहाण्या माणसानं एका वाक्यात सांगून फोन ठेवला असता. मी पाऊण तास बोललो.

माझं गाव मुरुमच्या अलीकडं, पण नोकरीची पंधरा वर्षं धाराशिवात गेली. तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणायचे. तिथं होतो तेव्हा नळाला पाणी येत नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ त्या गावाला शिव्या घालायचो. पुण्याला बदली झाली आणि त्याच पाण्याला चव आली. पुण्यातल्या प्रत्येक हॉटेलात बसून मी बायकोला म्हणायचो, "आपल्याकडं असलं कुणी कुत्र्यालाबी घालत न्हाय." ती काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याला मी संमती समजत आलो होतो.

व्याह्यांना मी दोन जागा सांगितल्या. नाश्त्याला स्टँडजवळचं एक हॉटेल, आणि जेवायला एक मटणाची खानावळ. खानावळीच्या मालकाचं वर्णन करताना तर मी रंगातच आलो. तो गिऱ्हाइकाला बसा म्हणत नाही, दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर वर बघत नाही, आणि कलेक्टर आला तरी बाकावर सरकूनच बसायला लावतो. "असा माणूस पुण्यात दाखवा," मी म्हणालो. पुण्याच्या माणसाला हे सांगण्यात काय अर्थ होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"मग तुम्हीच चला की बरोबर," व्याही म्हणाले. निघालो. गाडी त्यांची. ते आणि विहीणबाई, मी आणि आमची ही.

आमचे व्याही बँकेतून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण समोर ताट आलं की घास घेण्याआधी तो पदार्थ पुण्यात कुठं जास्त चांगला मिळतो ते सांगणार. लग्नात आमच्या जेवणावळीला त्यांनी "तसं बरं होतं" असा शेरा दिला होता. तो मला अजून पचलेला नव्हता. या सहलीत मला देवीपेक्षा त्या शेऱ्याचंच जास्त बघायचं होतं, हे खरं.

बार्शीवरनं सकाळी धाराशिवात शिरलो. रस्त्यातल्या खड्ड्यांनी आम्हाला बरोबर ओळखलं. स्टँडजवळच्या त्या हॉटेलात पूर्वी पत्र्याखाली चार बाकडी होती आणि भज्यांच्या धुरात समोरचा माणूस दिसायचा नाही. तिथं आता काचेचं दार होतं. आत गारठा, भिंतीवर समुद्राचं चित्र. जिथं माणसाला आंघोळीला पाणी मिळायची मारामार, तिथं भिंतभर समुद्र.

मी पोरासोरांना हाक मारावी तशी ऑर्डर सोडली, "चार सुशीला आणा."

सुशीला म्हणजे आमच्याकडचा नाश्ता. भिजवलेले चुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी आणि वरनं डाळव्याचं कूट. वेटर परमुलखातला होता. तो घाबरून म्हणाला, "साहब, इधर कोई लेडीज स्टाफ नहीं है."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी इडली, डोसा आणि चायनीज यांतलं निवडा असं ठरलं. व्याह्यांनी डोसा मागवला, आणि तो येण्याआधी पुण्यात डोसा कुठं चांगला मिळतो ते सांगितलं. मला वाद घालायला जागाच नव्हती.

तुळजापूरला दर्शन चांगलं झालं, फक्त रांगेतच दुपार झाली. घाट उतरेपर्यंत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. व्याही म्हणाले, "इथंच कुठंतरी खाऊन घेऊ या."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "अर्ध्या तासात धाराशिव. एवढी कळ काढाच."

त्यांनी कळ काढली. विहीणबाईंनी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू चौघांत वाटला. वाटेत मी पुन्हा एकदा त्या खानावळीच्या रश्श्याचं वर्णन केलं, त्यानं भूक मरण्याऐवजी वाढली.

खानावळ जागच्या जागी होती. तोच रंग उडालेला फळा, तीच बाकडी. मालकही तोच, फक्त केस पांढरे झालेले. माझा ऊर भरून आला. तो हात धुऊन दार लोटायच्या बेतात होता.

"चार ताटं," मी म्हणालो.

"संपलं."

"अहो, लांबनं आलोय आम्ही."

त्यानं माझ्या खांद्यावरनं गाडीकडं बघितलं. "गाडी पुण्याची, लंबर बारा. येता तीनला. बारालाच यायचं हुतं."

"मालक, मी पंधरा वर्षं इथं जेवलोय. ओळखलं नाही का?"

"लई जन जेवलेत. सगळ्यास्नी वळखत बसलो तर रस्सा कोण ढवळायचा?" असं म्हणून त्यानं दार लोटलं.

मी फोनवर ज्या फटकळपणाचं कौतुक केलं होतं, तो हाच. दुसऱ्यावर पडताना मला तो रसरशीत वाटायचा. व्याही मान डोलवत म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा कणभरही कमी नाही हो माणूस."

मग त्यांची नजर रस्त्यापलीकडं गेली. तिथं दुसरं हॉटेल उघडं होतं. "तिथं काय मिळतं?"

"तिथं नको," मी इतक्या घाईनं म्हणालो की तिघांनीही माझ्याकडं बघितलं.

ते हॉटेल आमच्या भावकीतल्या माणसाचं. नात्यानं माझा चुलतभाऊ. शहरात त्यानं हॉटेल टाकलं तेव्हाच मी ठरवलं होतं, पायरी चढायची नाही. भावकीतल्याकडं पैसे देऊन खावं तर त्याचा अपमान होतो, न देता खावं तर गावाकडच्या पारावर आपण किती भाकरी खाल्ल्या त्याची चर्चा होते. वर मी लोकांना सांगत असे, "त्याच्या रश्श्यात नुसतं पाणी." चव घेतलेली नव्हती, पण भावकीत मत द्यायला चव घ्यावी लागत नाही.

हे सगळं व्याह्यांना सांगायला वेळ मिळाला नाही. ते रस्ता ओलांडून आत जाऊन बसलेसुद्धा.

आम्ही मागनं गेलो. चुलतभाऊ गल्ल्यावर होता. मला बघून उठला, नाटकी नमस्कार केला. "या दादा, या! पंधरा सालं समोर जेवलात. आज रस्ता वलांडला म्हंजे समोरचं दार बंद दिसतंय."

मी हसल्यासारखं केलं. तेवढ्यात आतनं त्याची बायको भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. सरळ आमच्या हिला म्हणाली, "अगं बाई, जाऊबाई! किती सालानं! आज डबा न्हाय आणलाव व्हय?"

"कसला डबा?" मी विचारलं.

हिनं खाली बघितलं. जाऊबाईंना थांबायचं काही कारण नव्हतं. "आवं भावजी, पाव्हणे आले की तुमी न्हाय का यांना डबा दिऊन समोर धाडायचा रस्सा आणायला? समोर ही रांग. अन् त्यो मेला बायामाणसावर बी खेकसायचा. मग ह्या आमच्याकडनं घिऊन जायच्या. दर बारीला."

किती पाहुणे माझ्या डोळ्यांपुढनं गेले! बदली होऊन आलेले साहेब, पुण्याचे मेहुणे, मुलीला बघायला आलेले लोक. त्या प्रत्येकाला मी पहिला भुरका मारून सांगितलं होतं, "याला म्हणतात रस्सा. समोरच्याला सात जन्मात जमणार नाही."

"तू सांगितलं का नाहीस?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही चव घेण्याआधीच बोलायला लागायचा," ही म्हणाली. "मध्येच कुठं थांबवू?"

व्याही एवढे हसले की त्यांना ठसका लागला. विहीणबाईंनी पाठीवर थापट्या दिल्या.

ताटं आली. ज्वारीची पापुद्रा सुटलेली भाकरी, काळ्या मसाल्याचा रस्सा, बोकडाचं मटण, कांदा आणि विहीणबाईंना भरलं वांगं. मी व्याह्यांकडं बघत होतो. त्यांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, आणि पहिला घास घेण्याआधी ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या घासालाही बोलले नाहीत. तिसरी भाकरी मागवताना फक्त म्हणाले, "असं आमच्याकडे मिळत नाही."

जे वाक्य ऐकायला मी एवढा आटापिटा केला, ते शेवटी त्यांच्या तोंडून निघालं, आणि त्याचं श्रेय घ्यायला माझा चुलतभाऊ मिशीला पीळ देत शेजारी उभा. रस्सा उत्तम होता. तो मला ओळखीचा होता, हीच तर पंचाईत.

भावानं शेवटी पैसे घेतले नाहीत. "पाव्हणे पहिल्यांदा आलेत," तो व्याह्यांना म्हणाला. माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमचं आमी गावात सांगतोच." आणि त्यानं सांगितलं. दोन दिवसांत गावाकडनं मला चौघांचे फोन आले. त्यातल्या एकानं भाकरी पाच खाल्ल्या का सहा, तेवढंच विचारायला फोन केला होता.

परतीच्या वाटेवर गुलाबजाम घेतले. धाराशिवचे गुलाबजाम खरोखरच नामी असतात, आणि ते दुकान मी वाटेत सांगितलं होतं तस्संच होतं. पण तोवर कुणाच्या पोटात जागा नव्हती. व्याह्यांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "तसे बरे आहेत."

आता मुलीच्या सासरी कुणीही तुळजापूरला निघालं की व्याहीच पत्ता सांगतात. रस्ता ओलांडून कसं जायचं, भाकरीला कुठल्या बाजूनं पापुद्रा सुटतो, आतल्या वहिनींना काय सांगायचं, सगळं. परवा एका बारशाला ते येसराच्या आमटीबद्दल बोलत होते. येसराची धान्यं आणि मसाले आधी भाजून मग दळतात, एवढं त्यांना माहीत नव्हतं. मी मध्येच सुधारायला गेलो.

त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "तुम्ही रस्त्याच्या त्या बाजूला जेवत होता ना?"

आमची ही शेजारीच बसली होती. तिनं माझ्या ताटात एक जिलबी वाढली आणि माझ्याकडं बघितलं. मी जिलबी खाल्ली.