मधूनच सांग

सौदीतल्या अल खर्जच्या एका मुलींच्या कॉलेजात मी मध्ययुगीन इंग्लंडचं धार्मिक साहित्य शिकवते. रत्नागिरीकडच्या मुसलमान बाईने अरब मुलींना ख्रिस्ती भिक्षूंच्या प्रार्थना समजावून सांगायच्या, म्हणजे उलटीच गंगा. त्यातल्या त्यात मरियमच्या स्तुतिगीतांचा धडा सोपा जातो, कारण मरियम त्यांचीही असते.

त्या धड्याला मी ऐटीत कुराणातल्या मरियमविषयीच्या आयती म्हणायला गेले आणि अडले. मागच्या बाकावरून एकीने शांतपणे पुढचं सांगितलं. वर्ग हसला. ती हसली नव्हती, तरी डूख मी तिच्यावरच धरला. दोन लेकरांची आई होती ती. डेअरी फार्मच्या पलीकडच्या गावातून स्वतः गाडी चालवत यायची. माझ्याच विषयात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा झाली तर कॉलेजातून नाव कमी होणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

परीक्षेत तिने माझ्या इंग्रजी नोट्सचं अख्खं पान शब्दन् शब्द उतरवलं. ती कॉपी नव्हती. वर्गावर देखरेखीला मीच होते. लिहिताना तिचे ओठ हलत होते आणि नजर कागदावरून उठत नव्हती. तरी मी पेपरवर नक्कल केल्याचा शेरा मारला.

चौकशीला विभागप्रमुख बाई, परीक्षा विभागाच्या एक बाई आणि मी. इथे शिकवणाऱ्या बाईला डॉक्टर म्हणतात. ती म्हणाली, "डॉक्टर, मी पाठ केलंय. आत्ता म्हणून दाखवते."

विभागप्रमुख माझ्याकडे वळल्या. "तुमचा विषय आहे, तुम्हीच विचारा."

न समजता केलेलं पाठांतर कसं असतं, ते मला कुणी शिकवायला नको. लहानपणी मीही अरबी अशीच घोकली. पहिल्या शब्दापासून सुरू केलं तर शेवटपर्यंत घडाघडा, मध्येच धरलं की तोंडाला कुलूप. आमच्या मदरशातल्या आपा मुद्दाम मध्येच धरायच्या आणि मग छडी द्यायच्या.

"पहिल्यापासून नको," मी म्हटलं. "तिसऱ्या परिच्छेदापासून सांग."

तिने तोंड उघडलं, मिटलं. एसी चालू असूनही कपाळावर घाम आला.

"सुरुवातीपासून म्हणू का?"

"नाही. पाठ आहे ना? मग मधूनच सांग."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. तिचे ओठ आवाज न करता पहिल्या ओळीकडे पळत होते, ते मला दिसत होतं. मी दर वेळी मध्येच प्रश्न विचारून तिला पुन्हा खेचत होते.

"खलास," परीक्षा विभागाच्या बाई म्हणाल्या आणि नापास ठरवल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

ती बाहेर थांबली होती. मला वाटलं, रडेल, निदान शिव्याशाप देईल. ती माझ्या शेजारून चालू लागली आणि पहिल्या शब्दापासून म्हणू लागली. जिन्यापर्यंत दोन परिच्छेद झाले, मग तिसरा, मग उरलेलं सगळं. एकही चूक नाही. दाराशी ती थांबली.

"बरोबर आहे, डॉक्टर?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं आणि तिचं कॉलेजचं ओळखपत्र मागून घेतलं. ते त्याच दिवशी जमा करायचं होतं.